हरितलवकातल्या प्रथिनाचा पत्ता कसा शोधायचा: पानापासून ब्लॉटपर्यंत

हरितलवकात एखादं प्रथिन कुठे आहे, या प्रश्नाला किमान सहा उत्तरं संभवतात: बाहेरचं पटल, दोन पटलांमधली चिंचोळी फट, आतलं पटल, स्ट्रोमा (आतला द्रव), थायलाकॉइडचं (त्या द्रवातल्या चपट्या हिरव्या पिशव्यांचं) पटल आणि थायलाकॉइडच्या पोटातली पोकळी, म्हणजे ल्यूमेन. प्रथिन पटलातलं असेल तर आणखी एक पोटप्रश्न उरतो, त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे? हा पत्ता कळल्याशिवाय प्रथिनाच्या कामाबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नसतो. उजेडात स्ट्रोमाचा पीएच ८च्या आसपास जातो आणि ल्यूमेन त्याच वेळी बराच आम्ल होतो. स्ट्रोमात उत्तम चालणारं एन्झाइम ल्यूमेनमध्ये कदाचित काहीच करणार नाही.

हरितलवकाच्या स्वतःच्या जीनोममध्ये प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण ८० असतात. तंबाखू आणि मार्केन्शिया ही शेवाळासारखी छोटी वनस्पती यांच्या हरितलवकांचे जीनोम १९८६ मध्ये पूर्ण वाचले गेले, तेव्हापासून ही यादी आपल्या हातात आहे. उरलेली दोन-तीन हजार प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत नेली जातात. पूर्ण तयार झालेलं प्रथिन नंतर हरितलवकात शिरू शकतं, हे १९७८ मध्ये वाटाणा आणि पालक यांच्या वेगळ्या केलेल्या हरितलवकांवर दाखवलं गेलं. आज आपण करतो त्या बऱ्याच प्रयोगांची मुळं त्या कामात आहेत.

पुढे पायऱ्या येतीलच, पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा लेख तिच्याभोवती फिरतो. ब्लॉट म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि अँटीबॉडीने ओळखायची; तिथे उमटतो तो पट्टा म्हणजे बँड. तुमच्या प्रथिनाचा बँड एकटा काहीच सिद्ध करत नाही. पत्ता ठरवतात ते त्याच ब्लॉटवर शेजारी दिसणारे मार्कर, म्हणजे ज्यांचा पत्ता आधीच पक्का माहीत आहे अशी प्रथिनं. त्यांच्यावर खर्च केलेला वेळ कधीच वाया जात नाही.

आधी कागदावर

बफर बनवण्याआधी प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम समोर घ्या. हरितलवकात जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या पुढच्या, म्हणजे एन-टोकाला ट्रान्झिट पेप्टाइड असतं. त्याची लांबी सुमारे २० पासून १०० हून अधिक अमिनो आम्लांपर्यंत कितीही असू शकते. त्यात सेरीन आणि थ्रिओनिन भरपूर, आणि आम्लधर्मी अमिनो आम्लं जवळजवळ नसतात. ते ओळखायला टार्गेटपी आणि क्लोरोपी ही संगणकी साधनं आहेत. प्रथिन ल्यूमेनमध्ये जाणारं असेल तर ट्रान्झिट पेप्टाइडच्या मागे दुसरा संकेत जोडलेला असतो. त्यात जलविरोधी पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्याच्या आधी दोन आर्जिनिन लागोपाठ असतील तर प्रथिन टॅट मार्गाने (ल्यूमेनमध्ये नेणाऱ्या दोन वाटांपैकी एक, दुसरी सेक) जात असण्याची शक्यता मोठी. पटल किती वेळा ओलांडलं जातं याचा अंदाज टीएमएचएमएमसारख्या साधनाने घ्या, पण ट्रान्झिट पेप्टाइड कापून टाकल्यावरच्या क्रमावर. नाहीतर साधन कधीकधी त्यालाच पटल ओलांडणारा पिळाचा तुकडा (हेलिक्स) समजून बसतं.

अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपाचं प्रथिन असेल तर सुबा, पीपीडीबी आणि एटी-क्लोरो या माहितीसंचांत ते आधी कोणाला कुठे सापडलंय ते पाहा. दुसऱ्या वनस्पतीवर काम करत असाल तर अरबिडॉप्सिसमधला त्याचा जवळचा भाऊबंद शोधून तिथून सुरुवात करा.

अंदाज नकारार्थी आला म्हणून काम सोडू नका. बाहेरच्या पटलातल्या बहुतेक प्रथिनांना कापलं जाणारं ट्रान्झिट पेप्टाइड नसतंच. आतल्या पटलावरचं सीईक्यूओआरएच हे प्रथिन त्याशिवायच आत पोचतं. अरबिडॉप्सिसचं सीएएच१ हे कार्बॉनिक अनहायड्रेज तर पेशीतल्या स्रावमार्गाने, अंगाला साखर चिकटवून घेऊन हरितलवकात येतं. कोणत्याही साधनाला हे पाहून सुचणार नाही.

पानं, आणि ती कुस्करणं

शिकताना वाटाण्यापासून सुरुवात करा. ८ ते १० दिवसांची कोवळी रोपं मऊ असतात, भराभर वाढतात, आणि त्यांची हरितलवकं दणकट असतात. पालकही चांगला. अरबिडॉप्सिसमधून कमी मिळतं, म्हणून हात बसल्यावर तिकडे वळा.

रोपं आदल्या रात्री अंधारात ठेवा आणि सकाळी लगेच कापा. दिवसभर उजेडात राहिलेल्या पानात स्टार्चचे कण साठलेले असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये ते जड कण आतूनच पटल फाडून बाहेर येतात. खराब तयारीची जी कारणं मी पाहिली, त्यांत हे सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात सहज टाळता येणारं आहे.

बफर साधा आहे: ३३० मिलीमोलर सॉर्बिटॉल, ५० मिलीमोलर हेपीस-केओएच पीएच ८.०, २ मिलीमोलर ईडीटीए, १ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलीमोलर मँगनीज क्लोराइड आणि ०.१ टक्का बीएसए. सॉर्बिटॉलमुळे हरितलवक फुगत किंवा आकसत नाही. पेशी फुटताना सुटणारी मेदाम्लं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) बांधून ठेवतं, पण शेवटच्या दोन धुण्यांत ते वगळा. नाहीतर प्रथिनांची मोजणी खोटी येते आणि जेलवर ६६ किलोडाल्टनजवळ जाड पट्टा बसतो.

बफर फ्रीझरमध्ये अर्धवट गोठू द्या, बर्फाचा चुरा तरंगेपर्यंत. ५० ग्रॅम पानांना सुमारे २०० मिलीलिटर बफर घ्या. ब्लेंडर दोन-तीन सेकंदांचे तीनच झटके देऊन थांबवा. पानांचे तुकडे शिल्लक दिसले तरी चालतील. नवशिक्या माणसाला वाटतं की अजून थोडं फिरवलं तर जास्त हरितलवकं सुटतील. सुटतात खरी, पण फुटलेली. लगदा दोन पदरी मिराक्लॉथमधून (गाळायच्या कापडातून) गाळा आणि कापड पिळू नका. मग सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोराने) ४ मिनिटं फिरवा. इथून पुढे सगळं बर्फावर आणि मंद उजेडात.

तळाचा हिरवा साका सोडवताना पिपेटने वर-खाली करू नका. एक-दोन मिलीलिटर बफर घालून नळी बर्फात तिरकी धरून हळूहळू गोल फिरवत राहा. मऊ रंगाचा ब्रश असेल तर त्याने साका अलगद सुटा करा. पिपेट लागलाच तर टोक कापून रुंद केलेली टिप वापरा.

पर्कॉलचा जिना

अखंड आणि फुटकी हरितलवकं वेगळी करायला पर्कॉलचे (सिलिकाच्या बारीक कणांच्या दाट द्रवाचे) दोन थर पुरतात, खाली ८० टक्के आणि वर ४० टक्के. थर बनवताना सॉर्बिटॉल पातळ होऊ देऊ नका. वरच्या बफरचं पाचपट तीव्र द्रावण करून ठेवा. ८० टक्क्यांसाठी ८० मिलीलिटर पर्कॉलमध्ये हे २० मिलीलिटर घाला. ४० टक्क्यांसाठी ४० मिलीलिटर पर्कॉल, २० मिलीलिटर तीव्र बफर आणि ४० मिलीलिटर पाणी. पाचपट बफर न वापरता पर्कॉल पाण्यात मिसळलं तर थरात शिरता शिरताच हरितलवकं फुगून फुटतात.

वर हरितलवकांचं मिश्रण हलक्या हाताने सोडा. झुलत्या रोटरमध्ये, ब्रेक बंद ठेवून, ३,००० जीला १५ मिनिटं फिरवा. नळी बाहेर काढली की दोन हिरवे पट्टे दिसतात. ४० टक्के थराच्या वरचा पसरट पट्टा फुटक्या हरितलवकांचा आणि सुट्या थायलाकॉइडचा. दोन थरांच्या सीमेवरचा दाट, काठ स्पष्ट असलेला पट्टा अखंड हरितलवकांचा. वरचा पट्टा आधी पूर्ण शोषून टाका, आणि मगच खालच्याला हात लावा. खालचा पट्टा चौपट-पाचपट बफर घालून दोनदा धुवा, कारण पर्कॉल शिल्लक राहिलं तर पुढचे टप्पे बिघडतात.

एक थेंब फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची सवय लावून घ्या. अखंड हरितलवक चकचकीत दिसतं, काठाभोवती उजळ कडा असते आणि आतलं काही वेगळं ओळखू येत नाही. फुटलेलं काळपट आणि दाणेदार दिसतं, त्यातल्या ग्रॅनांचे (थायलाकॉइडच्या चळतींचे) ठिपके मोजता येतात. दहा-बारा तयाऱ्यांनंतर डोळ्याला हा फरक क्षणात कळतो.

आकडा हवा असेल तर फेरीसायनाइडची कसोटी घ्या. फेरीसायनाइड अखंड आवरणातून, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या पटलांच्या जोडीतून, आत जात नाही, म्हणून उजेडात त्याच्या जोरावर प्राणवायू सोडण्याचं काम फक्त फुटकी हरितलवकं करतात. एकदा तशीच आणि एकदा पाण्याने फोडून मोजा. फोडल्यावरचा वेग १०० आणि न फोडता १५ आला, तर ८५ टक्के हरितलवकं अखंड.

हरितद्रव्य मोजणं

पुढचे सगळे प्रमाण हरितद्रव्यावर ठरतात. १० मायक्रोलिटर मिश्रण ९९० मायक्रोलिटर ८० टक्के ॲसिटोनमध्ये मिसळा, गाळ खाली बसवा आणि ६५२ नॅनोमीटरला शोषण मोजा. शोषणाला ३४.५ ने भागून १,००० ने गुणलं की मिलीलिटरमागे मायक्रोग्रॅम हरितद्रव्य मिळतं. समजा शोषण ०.३४५ आलं. उत्तर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, आणि १०० पट पातळ केलं होतं म्हणून मूळ मिश्रणात मिलीलिटरमागे १ मिलीग्रॅम. पुढच्या बहुतेक प्रयोगांना हीच तीव्रता सोयीची पडते.

तीन भाग करणं

हरितलवकं आता फोडायची आहेत. साका १० मिलीमोलर हेपीस पीएच ८.० आणि ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असलेल्या, सॉर्बिटॉल नसलेल्या बफरमध्ये मिसळा, प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइमं) थांबवणारे रोधक घाला आणि १० मिनिटं बर्फावर ठेवा. पाणी आत शिरतं आणि आवरण फुटतं. मॅग्नेशियममुळे थायलाकॉइडच्या चळती तशाच राहतात आणि ती एकत्र खाली बसतात.

हे मिश्रण सुक्रोजच्या दोन थरांवर सोडा, खाली ०.९३ मोलर आणि वर ०.६ मोलर. ७०,००० जीला एक तास फिरवा. सगळ्यात वर स्ट्रोमा राहतो, तळाशी गडद हिरवं थायलाकॉइड, आणि दोन सुक्रोज थरांच्या सीमेवर पातळ पिवळा पट्टा. हा पिवळा पट्टा म्हणजे आवरण. त्यात कॅरोटिनॉइड असतात, हरितद्रव्य जवळजवळ नसतं. पट्ट्याला हिरवी झाक दिसली की समजावं, थायलाकॉइडचे तुकडे मिसळलेत. तो बफरने पातळ करून १,००,००० जीला एक तास खाली बसवा. वरच्या स्ट्रोमालाही तेवढंच फिरवून तरंगणारे पटलाचे बारीक फुगे काढून टाका. ही पायरी बरेच जण टाळतात आणि मग पटलातलं प्रथिन 'स्ट्रोमात थोडंसं दिसतं' असं लिहितात.

ब्लॉट: किती लोड करायचं

हा भाग मी सगळ्यात सविस्तर लिहितो आहे, कारण चुकीचे पत्ते बहुतेक इथेच जन्माला येतात.

हरितलवकातल्या एकूण प्रथिनांपैकी आवरणाचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के. आता स्ट्रोमा, थायलाकॉइड आणि आवरण, प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम जेलवर चढवलं असं समजा. आवरणाच्या त्या एका खाच्यात (जेलवरच्या एका रांगेत) ५०० ते १,००० मायक्रोग्रॅम हरितलवकाचं सगळं आवरण एकवटलं आहे. म्हणजे आवरणातलं प्रथिन तिथे प्रचंड उठून दिसेल, हे चांगलंच. पण आवरणाला चिकटलेला दुसरा कुठलाही कचराही त्याच प्रमाणात उठून दिसेल.

म्हणून दोन ब्लॉट करा. पहिल्यात समान प्रथिन लोड करा, कुठे साठलंय ते कळण्यासाठी. दुसऱ्यात समान हरितलवकं लोड करा, म्हणजे तेवढ्याच हरितद्रव्यापासून निघालेला प्रत्येक भाग. एकूण साठ्यापैकी किती कुठे आहे ते त्यातून कळतं. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका, दोन्ही खरी असतात.

मार्कर मी असे लावतो:

आवरणाच्या बाहेरच्या पटलासाठी टॉक७५, आतल्यासाठी टिक११०.
स्ट्रोमासाठी रुबिस्को या कार्बन पकडणाऱ्या एन्झाइमचा मोठा उपघटक, सुमारे ५५ किलोडाल्टन.
थायलाकॉइड पटलासाठी एलएचसीबी, २५ किलोडाल्टनच्या आसपास.
ल्यूमेनसाठी पीएसबीओ, ३३ किलोडाल्टन, किंवा प्लास्टोसायनिन.
बाहेरून आलेल्या मिसळीसाठी तंतुकणिकेचं सीओएक्स२, पेरॉक्सिझोमचं कॅटलेज, पेशीद्रवाचं यूजीपीएज, आणि केंद्रकाचं हिस्टोन एच३.

रुबिस्को आवरणाला चिकटतंच. आवरणाच्या खाच्यात रुबिस्कोचा बँड दिसला नाही असा ब्लॉट माझ्या हातून तरी क्वचितच निघाला. म्हणून 'दिसतंय का' हा प्रश्न उपयोगाचा नसतो. तुमचं प्रथिन आवरणात आणि स्ट्रोमात ज्या प्रमाणात दिसतं, त्याची तुलना रुबिस्कोच्या प्रमाणाशी करा. दोन्ही प्रमाणं सारखी असतील तर आवरणातला बँड मिसळीचा. तुमच्या प्रथिनाचं प्रमाण आवरणात कितीतरी पट जास्त असेल, तरच ते तिथलं रहिवासी.

सुरुवातीच्या काळात मी एका प्रथिनाला काही आठवडे आवरणातलं समजत होतो. बँड ठळक होता, पुन्हा पुन्हा येत होता, आणि मी फक्त टिक११०चा ब्लॉट शेजारी लावला होता. शेवटी एलएचसीबीची अँटीबॉडी लावली आणि त्याच खाच्यात तीही तेवढीच ठळक उमटली. प्रथिन थायलाकॉइडमधलं होतं आणि माझ्या आवरणात थायलाकॉइडचे तुकडे होते. तेव्हापासून प्रत्येक भागाला प्रत्येक मार्कर लावल्याशिवाय मी निष्कर्षाचं वाक्य लिहीत नाही.

दोन बारीक गोष्टी. पटलातली प्रथिनं असलेलं सँपल उकळू नका, ती गोळा होऊन खाच्याच्या तोंडाशीच अडकतात. ७० अंश सेल्सियसला ५ ते १० मिनिटं पुरतात. आणि तुमचं प्रथिन ५० ते ५५ किलोडाल्टनचं असेल तर सावध राहा. तिथे रुबिस्कोचा एवढा मोठा पट्टा असतो की बाकीचे बँड वर-खाली ढकलले जातात, आणि कमअस्सल अँटीबॉडी त्यालाही चिकटते. शक्य असेल तिथे ते जनुक बंद पडलेल्या उत्परिवर्तित रोपाचं सँपल शेजारी लावा. त्यात बँड नाहीसा झाला तर अँटीबॉडीवर विश्वास ठेवता येतो.

प्रोटिएजने तोंड ओळखणं

प्रथिन आवरणात आहे हे ठरलं, तरी कोणत्या पटलात आणि कोणत्या बाजूला हे उरतंच. त्यासाठी अखंड हरितलवकांवर प्रथिनं कापणारं एन्झाइम सोडायचं. थर्मोलायसिन बाहेरचं पटल ओलांडत नाही, त्यामुळे ते फक्त पेशीद्रवाकडे उघडं असलेलं कापतं. ट्रिप्सिन बाहेरच्या पटलातून आत शिरतं, पण आतल्या पटलाशी थांबतं. एक प्रथिन थर्मोलायसिनला टिकलं आणि ट्रिप्सिनला गेलं, तर त्याचा काही भाग दोन पटलांमधल्या फटीत आहे.

थर्मोलायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, १ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइडसह, बर्फावर ३० मिनिटं. थर्मोलायसिनला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते ओढून घेतं. आपल्या मूळ बफरमध्ये ईडीटीए आहे. त्यामुळे हरितलवकं आधी ईडीटीए नसलेल्या बफरने धुतली नाहीत, तर एन्झाइम काम करणार नाही आणि 'प्रथिन सुरक्षित आहे' असं खोटं उत्तर मिळेल. प्रतिक्रिया थांबवायला मात्र तेच ईडीटीए १० मिलीमोलर घालायचं, आणि पुढच्या प्रत्येक बफरमध्ये, अगदी जेलच्या सँपल बफरमध्येही ठेवायचं. सँपल बफरमधलं एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबण) घातल्यावर बाकी प्रथिनं उलगडतात आणि उरलेलं प्रोटिएज त्या क्षणी त्यांच्यावर तुटून पडतं. ट्रिप्सिन थांबवायला सोयाबीनचा ट्रिप्सिन रोधक वापरा.

तीन नळ्या लागतात. एकीत प्रोटिएज नाही, दुसरीत आहे, तिसरीत प्रोटिएजसोबत १ टक्का ट्रायटन एक्स-१००. तिसरी नळी अनेक जण विसरतात. ट्रायटनने सगळी पटलं विरघळली तरी तुमचं प्रथिन कापलं जात नसेल, तर ते मुळातच चिवट घडीचं आहे. मग दुसऱ्या नळीत ते टिकलं याचा काहीच अर्थ लागत नाही. दुसऱ्या नळीत बाहेरच्या पटलावरचं, पेशीद्रवाकडे उघडं असलेलं टॉक१५९ गेलेलं आणि स्ट्रोमातलं प्रथिन शाबूत दिसलं, तरच प्रयोग झाला असं माना. प्रोटिएजनंतर हरितलवकं पुन्हा एकदा ४० टक्के पर्कॉलवरून खाली बसवा, म्हणजे मधल्या वेळात फुटलेली गळून जातील.

रुतलेलं की चिकटलेलं

पटलाच्या भागात प्रथिन सापडलं म्हणजे ते पटलात रुतलेलंच असेल असं नाही. पटलं १ मोलर मीठ, १०० मिलीमोलर सोडियम कार्बोनेट पीएच ११.५, आणि ६ मोलर युरिया अशा तीन द्रावणांत वेगवेगळी अर्धा तास बर्फावर ठेवा आणि १,००,००० जीला फिरवा. कार्बोनेटमध्ये पटलाचे फुगे उघडून सपाट होतात, त्यामुळे आत अडकलेलंही सुटतं. साक्यात राहिलं ते रुतलेलं, निवळीत आलं ते चिकटलेलं. एलएचसीबी साक्यात आणि एटीपी सिंथेजचा बीटा उपघटक निवळीत दिसायला हवा. पटल एकदाच ओलांडणारी काही प्रथिनं कार्बोनेटला अर्धवट सुटतात, म्हणून एकाच द्रावणावर भिस्त ठेवू नका.

ल्यूमेन आणि चळती

धुतलेल्या थायलाकॉइडवर थर्मोलायसिन सोडलं की स्ट्रोमाकडचं सगळं कापलं जातं, आणि ल्यूमेनमधलं पीएसबीओ टिकतं. एलएचसीबी मात्र किंचित खाली सरकतं, कारण त्याचं एन-टोक स्ट्रोमाकडे उघडं असतं आणि तेवढंच कापलं जातं. ही छोटी सरक दिसली की एन्झाइम चाललं याची खात्री पटते. मग थायलाकॉइड धुऊन ध्वनिलहरींनी फोडा, पटल खाली बसवा, आणि निवळीत तुमचं प्रथिन प्लास्टोसायनिनच्या सोबतीने येतं का ते पाहा.

थायलाकॉइडचं पटलही सगळीकडे सारखं नसतं. फोटोसिस्टिम २ मुख्यत्वे ग्रॅनांच्या चळतींत असते. फोटोसिस्टिम १ आणि एटीपी सिंथेज स्ट्रोमाला भिडलेल्या पत्र्यांवर असतात. डिजिटोनिनने हलकेच सुटं करून १०,००० जी, ४०,००० जी आणि १,४४,००० जी असं टप्प्याटप्प्याने फिरवलं की चळती, त्यांच्या कडा आणि पत्रे क्रमाने खाली बसतात. डिजिटोनिनची प्रत्येक खेप वेगळी वागते, म्हणून नवी बाटली उघडली की आधी फोटोसिस्टिमच्या मार्करांवर प्रमाण बसवून घ्या.

जीएफपी: डोळ्यांनी पाहणं

प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडायचं ते मागच्या, म्हणजे सी-टोकाला. पुढे जोडलं तर ट्रान्झिट पेप्टाइड झाकलं जातं आणि प्रथिन पेशीद्रवातच राहतं. निकोटियाना बेन्थॅमियाना या तंबाखूच्या नातेवाइकाच्या पानात जनुक पोचवणारा ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणू सोडून दोन-तीन दिवसांनी, किंवा अरबिडॉप्सिसच्या प्रोटोप्लास्टमध्ये (भित्ती काढलेल्या पेशींत) दुसऱ्या दिवशी पाहता येतं. ४८८ नॅनोमीटरने उत्तेजित करून जीएफपी ५०० ते ५३० नॅनोमीटरला आणि हरितद्रव्याची स्वतःची लाल चमक ६५०च्या पुढे टिपा. जीएफपी नसलेलं पानही त्याच सेटिंगवर पाहा.

लाल गोलाभोवती बारीक हिरवी रेघ दिसली तर आवरण, सगळा गोल एकसारखा हिरवा भरला आणि कुठेकुठे स्ट्रोम्यूलचे (स्ट्रोमा भरलेल्या बारीक नळ्यांचे) धागे निघालेले दिसले तर स्ट्रोमा. त्यापलीकडे सूक्ष्मदर्शकाकडून फार मागू नका. दोन आवरणपटलांमधलं अंतर प्रकाशाच्या नजरेला वेगळं दिसत नाही. ल्यूमेनसाठी तर जीएफपी फसवं आहे. सेक मार्गाला प्रथिन उलगडलेलं लागतं आणि जीएफपी घट्ट घडी घालून बसतं. ते कसंबसं आत गेलं तरी तिथल्या आम्लात मंद होतं.

आणखी एक सापळा आहे. केंद्रकात आणि पेशीद्रवात हिरवं दिसलं की लगेच दुहेरी पत्ता जाहीर करू नका. त्याच पानाचा जीएफपी अँटीबॉडीने ब्लॉट करा. २७ किलोडाल्टनला बँड असेल तर ते प्रथिनापासून तुटून सुटलेलं नुसतं जीएफपी आहे.

आत जाताना पकडणं

मला सगळ्यात प्रिय असलेला प्रयोग हा. गव्हाच्या अंकुराच्या अर्कात किरणोत्सारी मेथिओनिन घालून प्रथिन बनवायचं, आणि ते अखंड वाटाणा हरितलवकांना, ३ मिलीमोलर मॅग्नेशियम-एटीपीसह, २५ अंशांना १५ मिनिटं द्यायचं. रुबिस्कोचा छोटा उपघटक आधी कंट्रोल म्हणून करून पाहा. बाहेर तो २० किलोडाल्टनचा असतो. आत गेला की स्ट्रोमातलं एन्झाइम त्याचं ट्रान्झिट पेप्टाइड छाटतं आणि तो १४ किलोडाल्टनचा होतो. फिल्मवर वरचा बँड, खालचा बँड, आणि थर्मोलायसिननंतर फक्त खालचा उरलेला, हे एकदा स्वतःच्या हाताने पाहिलं की हरितलवकाचं दार डोळ्यांसमोर उभं राहतं.

ल्यूमेनमधल्या प्रथिनाला दोनदा छाटलं जातं, त्यामुळे मधल्या आकाराचा तिसरा बँड स्ट्रोमात दिसू शकतो. ॲझाइड घातल्यावर तो मधला बँड साठला तर मार्ग सेक. पटलावरचा पीएच फरक मोडणारं नायजेरिसिन घातल्यावर साठला तर टॅट.

मास स्पेक्ट्रोमेट्री

अँटीबॉडी नसेल किंवा शेकडो प्रथिनं एकदम पाहायची असतील तर प्रत्येक भाग ट्रिप्सिनने पचवून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे तुकड्यांचं वजन मोजून प्रथिन ओळखणाऱ्या यंत्राला, द्या. नियम ब्लॉटचाच. 'सापडलं' या शब्दाला किंमत शून्य, कारण आजची यंत्रं अगदी बारीकशी मिसळही पकडतात. प्रत्येक प्रथिनाचं तीन भागांतलं प्रमाण काढा आणि ओळखीच्या मार्करांपैकी कोणाच्या प्रमाणाशी ते जुळतं ते पाहा. स्ट्रोमाचं सँपल जेलवर थोडं चालवून रुबिस्कोचा पट्टा वेगळा पचवला तर लहानसहान प्रथिनांना वाव मिळतो. प्रथिनाचं अगदी पुढचं पेप्टाइड हाती लागलं, तर ट्रान्झिट पेप्टाइड नेमकं कुठे कापलं जातं तेही कळतं.

वहीत काय लिहायचं

सगळे पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवतील असं नाही. व्हिप१ हे प्रथिन आतल्या आवरणावरही सापडतं आणि थायलाकॉइडवरही, आणि दोन्ही पत्ते खरे आहेत. अशा वेळी एक निवडून दुसरा गाळू नका. वहीत निष्कर्ष असा लिहा की वाचणाऱ्याला तो तपासता यावा: 'वाटाणा, ९ दिवस, ८५ टक्के अखंड. समान प्रथिनात आवरणात ठळक, तिथे एलएचसीबी नाही. थर्मोलायसिनला टिकलं, ट्रिप्सिनला गेलं, ट्रायटनसह दोन्हीत गेलं. कार्बोनेटनंतर साक्यात. आवरणाचं पटल, काही भाग फटीत उघडा.' आणि त्या पानावर मार्करांचे सगळे ब्लॉट चिकटवा, बिघडलेलेसुद्धा.